जनावरांच्या पानावरची सायकल

परवा पलूसला गेलो होतो. गेलो होतो खताला. खत काही मिळालं नाही, पण येताना सायकलच्या दुकानात शिरलो आणि थोडं सामान घेऊन आलो. पुढच्या चाकाचा एक्सल, त्याचे कोन आणि नट मिळून साठ रुपये. दीड सुती छर्रे, एका बाजूला दहा आणि दुसऱ्या बाजूला दहा असे वीस, त्यांचे वीस रुपये. पुढच्या चाकाच्या बारा तारा, पाचाला एक. ग्रीसची पुडी तीस रुपये. सगळे मिळून एकशे सत्तर झाले. टायरही विचारला. दुकानात आता जुन्या मिस्त्रीचा पोरगा बसतो. तो म्हणाला, "काका, अठ्ठावीसचा टायर हल्ली ठेवत न्हाय. सांगून ठेवा, आणून देतो." दुकानात बघितलं तर सगळ्या पोरांच्या सायकली, जाड टायरच्या, हिरव्या-पिवळ्या. काळी सायकल एकच होती, तीही दुरुस्तीला आलेली, कुणा म्हाताऱ्याची.

घरी येऊन हिशेब वहीत लिहिला. ही वही माझ्या वडिलांची, अण्णांची. लाल कापडाची बांधणी आता उसवलीय, पण पानं शाबूत आहेत. अण्णा चौथी शिकलेले. अक्षर मोडीच्या वळणाचं, पण हिशेब चोख. वहीचे भाग पाडलेले : ऊस, जोंधळा, मजुरी, सोसायटी, जनावरं. गंमत अशी, की सायकलचा सगळा खर्च 'जनावरं' या पानावर आहे. बैलाच्या पेंडीखाली टायर, म्हशीच्या औषधाखाली पंक्चर. लहानपणी मला त्याचं हसू यायचं. नंतर पान मागं उलटून बघितलं तेव्हा उलगडा झाला. १९७४ सालच्या एका ओळीत 'कालवड विकली, ३१०' असं आहे आणि लगेच खालच्या ओळीत 'सायकल घेतली, २८५'. एक जनावर गेलं, एक आलं. त्या पानावरून सायकल पुढं कधी हललीच नाही.

ते साल सांगायला हवं. ७२च्या दुष्काळात अण्णा आणि आई खडी फोडायच्या कामावर होते. मी शाळेतून येऊन सुकडी खायचो. दुष्काळ सरला, पण अंगातून गेला नव्हता. कुणी नवं काही घेतलं की गाव बघत राहायचा. अशात दावणीची कालवड विकून अण्णांनी सायकल आणली. आई दोन दिवस बोलली नाही. तिचं म्हणणं, कालवड वर्षा-दोन वर्षांत गाभण राहिली असती, दूध दिलं असतं. सायकल काय देणार? अण्णा म्हणाले, "दूध देत न्हाय, पर दूध पोचवती." पुढं पंधरा वर्षं आमचं दूध त्याच सायकलवरून डेअरीत गेलं. आईनं शब्द मागं घेतला नाही, पण सायकलला दसऱ्याला झेंडूचा हार घालायची ती आईच.

सायकल तेव्हा दुकानात उभी तयार नसायची. चौकट, चिमटा, रिमा, तारा सगळं सुटं असायचं आणि मिस्त्री ते गिऱ्हाइकासमोर कसायचा. आम्ही सकाळी गेलो ते दिवस कलल्यावर बाहेर पडलो. मिस्त्रीनं मागच्या चाकाला चाळीस तारा घातल्या, पुढच्याला बत्तीस. मी मोजल्या. मागं ओझं जास्त म्हणून तारा जास्त, हे त्यानं सांगितलं. मग चाक उलट्या सायकलवर फिरवून, खडूचा तुकडा रिमेजवळ धरून, जिथं खडू लागेल तिथली तार आवळत आऊट काढलं. डावं पायडल बसवताना तो पाना उलटा फिरवायला लागला तेव्हा अण्णांनी विचारलं, असं का? डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. सरळ असते तर पायडल मारता मारता ते आपोआप सुटून पडलं असतं. अण्णांना हे इतकं आवडलं, की महिनाभर येईल त्याला सांगत होते. नांगर, मोट, गाडी यांत असलं उलटं काही नव्हतं.

आता थोडं मागं जातो. आमचं गाव किर्लोस्करवाडी स्टेशनपासून सायकलनं अर्ध्या तासावर. स्टेशनचं जुनं नाव कुंडल रोड. तिथला किर्लोस्करांचा कारखाना आमच्या भागातल्या शेकडो घरांची चूल पेटवत आला. भोंगा झाला की कारखान्याच्या फाटकातून सायकलींचा लोंढा सुटायचा. लहानपणी आम्ही तो बघायला मुद्दाम रस्त्याच्या कडेला बसायचो. पण कारखान्यातल्या लोकांनाही हे फारसं ठाऊक नसतं, की तो सगळा पसारा उगवला सायकलच्या दुकानातनं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. त्यांनी मुंबईहून सायकली धाडायच्या आणि थोरले भाऊ रामूअण्णा यांनी त्या बेळगावात विकायच्या, असं चालायचं. पुढं नोकरी सोडून लक्ष्मणराव स्वतःच बेळगावला आले. विक्री, दुरुस्ती, लोकांना सायकल चालवायला शिकवणं, सगळं तिथं. किर्लोस्कर मंडळी आपल्या धंद्याची सुरुवात मोजतात ती १८८८ पासून, म्हणजे या सायकलच्या दुकानापासून.

त्याच साली, १८८८ला, तिकडं बेलफास्टमध्ये डनलॉप नावाच्या माणसानं हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. हा डनलॉप कोण? जनावरांचा डॉक्टर! पोराची तीनचाकी दगडावरून खडखडते म्हणून त्यानं तिला रबराची हवा भरलेली धाव चढवली. हे मी वाचलं तेव्हा अण्णा हयात नव्हते. असते तर म्हणाले असते, बघ, सायकल जनावरांच्याच पानावर पायजे.

बेळगावच्या दुकानातून पुढं कडबा कापायचं यंत्र निघालं, मग लोखंडी नांगर. नांगर कुणी घेईना. लोखंडानं जमीन नासते, विषारी होते, अशी लोकांची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली म्हणतात. आम्ही शेतकरी लोक नव्या वस्तूकडं कसं बघतो ते मला ठाऊक आहे, त्यामुळं मला त्या लोकांचं नवल वाटत नाही. पुढं बेळगावची जागा सोडावी लागली आणि औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात कुंडलजवळ माळ दिला. निवडुंग आणि साप यांचं रान. १९१० साली तिथं वाडी उभी राहिली. आमच्या आज्याचा नांगर तिथलाच. म्हणजे आमच्या घरात सायकल यायच्या आधी सायकलच्या दुकानाचा नांगर आला होता.

आमची सायकल ॲटलसची. हरियाणात सोनिपतला हा कारखाना १९५१ला निघाला. त्याच सुमाराचा मद्रासचा हर्क्युलिसवाला. लुधियानाच्या मुंजाल भावांनी आधी सायकलचे सुटे भाग विकले, बनवले आणि १९५६ला हिरो सायकल काढली. ही सगळी मंडळी जिवाची, पण खेड्यातल्या माणसाला कारखान्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याचा संबंध सुट्या भागाशी. कुठल्याही कंपनीची सायकल असो, कुणाचाही छर्रा, कुणाचीही चेन, कुणाचाही टायर बसायचा. लुधियानाची कॉटर पिन मद्रासच्या सायकलला चालायची. त्यामुळं सायकल कधी मरायची नाही. थोडी थोडी करत ती सगळी बदलायची आणि तरी तीच राहायची.

अण्णांच्या वहीत ते दिसतं. १९७४ : पंप ९, घंटी ३, ग्रामपंचायतीची सायकलपट्टी आणि बिल्ला २. तो पत्र्याचा बिल्ला हँडलला तारेनं बांधायचा. ७५ : पंक्चर पंचवीस पैसे, पुन्हा पंक्चर, पुन्हा पंक्चर. मग एका ओळीत 'सोल्युशन, रबर, कानस ४.५०', आणि त्यापुढं पंक्चरची ओळ नाही. म्हणजे अण्णांनी पंक्चर घरीच काढायला सुरुवात केली. घमेल्यात पाणी घ्यायचं, ट्यूब बुडवून बुडबुडे बघायचे, त्या जागी काडी टोचून खूण करायची, कानशीनं घासायचं, सोल्युशन लावून फुंकर मारायची आणि वाळल्यावर रबराचा तुकडा दाबायचा. टायर रिमेतून काढायला आईच्या उलथन्याची दांडी. उलथनं वाकलं की घरात भांडण. कॉटर पिन तीस पैसे, ब्रेकचे गट्टू सव्वा रुपया जोडी. जुनी ट्यूब फुकट जायची नाही. तिच्या पट्ट्या कापून कॅरिअरला दुधाची किटली बांधायची, मोटरीच्या फुटक्या पाइपाला गुंडाळायच्या, आणि आम्हा पोरांची बेचकी.

माझ्या सायकलच्या पुढच्या दातेरी चाकाला चव्वेचाळीस दाते, मागच्याला अठरा. अठ्ठावीस इंची चाक एक फेरा घेतं तेव्हा सव्वासात फुटांच्या वर जातं. म्हणजे एका पायडलला अठरा फूट. हे गणित मी नववीत असताना मांडलं होतं आणि गुरुजींनी वर्गात वाचून दाखवलं होतं. अभ्यासातलं माझं कौतुक झालं ते तेवढंच.

१९७५ला नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली, त्यात मी पास झालो. पुढं शिकायचं तर सांगलीला खोली घ्यावी लागली असती. तसे दिवस नव्हते. मी रानात आलो. धाकटी बहीण तेव्हा पाचवीत गेली. पाचवीपासूनची शाळा शेजारच्या गावात, कोस-दीड कोसावर. सकाळी दूध घातलं की मी तिला कॅरिअरवर बसवून शाळेत सोडायचो. ती हुशार. माझ्याहून किती तरी. मागं बसून पाढे म्हणत यायची. चढ आला की तिचे पाढे थांबायचे आणि ती म्हणायची, "दादा, उतरू काय?" मी म्हणायचो, बस.

लेडीज सायकलला मागच्या चाकावर जाळी असते. पदर, परकर चाकात जाऊ नये म्हणून. अण्णांच्या मनात आलं, आपल्याही सायकलला ती बसवावी, पोरीचा पाय लोंबतो. एका बाजारच्या दिवशी त्यांनी मला सात रुपये दिले आणि म्हणाले, "जाळी बसवून आण."

मी सतरा वर्षांचा होतो. दुकानात जाळी होती, खिळ्याला टांगलेली. तिच्या शेजारी टांगलं होतं झालरीचं सीटकव्हर, मरून रंगाचं. आणि हँडलच्या मुठी, टोकाला प्लॅस्टिकच्या रंगीत झिरमिळ्या. वाऱ्यानं त्या फरफरायच्या. गावात अशी सायकल एकाच्याकडं होती आणि तो ज्या तालात चावडीपुढनं जायचा, ते मी रोज बघत होतो. सात रुपयांत कव्हर आणि मुठी बरोबर बसल्या. घरी सांगितलं, जाळी संपलीय, मिस्त्रीकडं पैसे ठेवलेत, पुढच्या बाजारला येईल. कव्हर आणि मुठी? मित्रानं नवी सायकल घेतली, त्यानं जुन्या दिल्या. अण्णांनी मुठीची झिरमिळी दोन बोटांत धरून बघितली. 'बरं' म्हणाले. वहीत लिहिलं : 'जाळी, आगाऊ, ७.००'.

पुढच्या बाजारापर्यंत दिवस जायचे होते सहा. चौथ्या दिवशी ओढ्याच्या उतारावर मी पायडल सोडून सायकल जाऊ दिली. झिरमिळ्या फरफरत होत्या. मागनं पाढ्याचा आवाज एकदम तुटला आणि सायकल जागच्या जागी थांबल्यासारखी होऊन कलंडली. तिचा उजवा पाय तारांत गेला होता. टाच. मी चाक मागं फिरवायला लागलो तशी ती ओरडली. मग पान्यानं नट सोडून चाकच काढलं. पाना कॅरिअरच्या पट्टीत होता एवढंच नशीब. ती टाच बघून मला पुढचं काही सुचेना. उसाची बैलगाडी आली, तिच्यात घालून घरी आणि तिथनं मिरजेला.

पाय वाचला. दोन महिने प्लॅस्टर होतं, त्यानंतरही ती पावलाच्या कडेवर चालायची. वार्षिक परीक्षा गेली. पुढच्या वर्षी पुन्हा पाचवीत बसवायचं ठरत होतं, पण घरात ते बोलणं दर वेळी अर्ध्यावर थांबायचं. पोरगी चालत जाणार कशी, सायकलवर आता बसवायची नाही, असं करता करता जून उलटला. ती घरी राहिली ती राहिलीच. सोळाव्या वर्षी लग्न झालं. नशिबानं घर चांगलं मिळालं. तिची दोन्ही पोरं शिकली, थोरली शिक्षिका आहे.

तिला मिरजेला नेली त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा एकटेच पायी बाजारच्या गावाला गेले. संध्याकाळी आले ते हातात जाळी घेऊन. बसवायचे पैसे वाचवले होते. अंगणात बसून त्यांनी स्वतःच ती मागच्या चाकाला तारेनं बांधली, टोकं दुमडून आत वळवली, वरनं हात फिरवून काही टोचतंय काय ते बघितलं. मी दाराच्या आडोशाला उभा होतो. दुकानात त्यांचं काय बोलणं झालं असेल ते मला कळत होतं. आगाऊ पैसे ठेवले असते तर मिस्त्रीनं पुन्हा पैसे घेतले नसते. मी वाट बघत राहिलो. ते काही बोलले नाहीत. त्या रात्री नाही, नंतर कधीच नाही. कंदिलाच्या उजेडात वही काढून लिहिलं : 'जाळी, ७.००'. वरची 'आगाऊ' ओळ त्यांनी खोडली नाही. दोन ओळी आहेत तशा आहेत. मधे एका म्हशीच्या पेंडीचा खर्च आहे.

कव्हर आणि मुठी मी दुसऱ्या दिवशी काढून चुलीत घातल्या. प्लॅस्टिकचा वास घरभर झाला. आई काय जळतंय म्हणत आली आणि बघून परत गेली.

त्यानंतरची वही पटापट उलटते. दुधाचं मोठं कॅरिअर, डायनॅमो, फ्रीव्हील, नवी चौकट नाही पण चिमटा नवा. नव्वदनंतर गावात लुना आल्या, मग मोटारसायकली. सायकलपट्टी कधी बंद झाली ते वहीतही सापडत नाही, ओळ लिहायची राहून गेली एवढंच. अण्णा गेले. सायकल गोठ्याच्या आढ्याला टांगली. २०२०च्या जून महिन्यात, जगभर सायकल दिन म्हणून साजरा करतात त्या ३ तारखेलाच, ॲटलसच्या साहिबाबादच्या कारखान्याच्या दारावर काम बंद झाल्याची नोटीस लागली. पेपरात वाचून मी गोठ्यात जाऊन सायकल बघून आलो. का गेलो, सांगता येत नाही.

आता ते दीड सुती छर्रे कशाला आणले ते सांगतो. चार वर्षांमागं बैलं विकली. मला झेपेनात, पोराला वेळ नाही, आणि दोन एकरांसाठी बैल पोसणं परवडत नाही. पण भुईमूग आणि सोयाबीनची कोळपणी राहतेच. ट्रॅक्टर ओळीत चालत नाही, मजूर वेळेवर मिळत नाही. आमच्या भागात आता बरेच जण सायकल कोळपं वापरतात. जुन्या सायकलचं पुढचं चाक चिमट्यासकट काढायचं, त्याला मागं लोखंडी दांड्या जोडून हँडल करायचं, खाली पास बसवायची. माणूस मागनं ढकलतो, चाक पुढं पळतं, पास तण कापत जाते. एकटा माणूस दिवसात वीस-पंचवीस गुंठे सहज उरकतो. वेल्डिंगवाल्यानं सांगाडा करून दिला. चाक आढ्यावरच्या सायकलचंच. तारा गंजल्या होत्या, छर्रे झिजून चपटे झालेले. तो खर्च परवाचा. ट्यूब घालत नाही, काट्याच्या रानात टिकत नाही. जुन्या ट्यूबांचे तुकडेच टायरात ठासून भरलेत.

वहीत लिहायला बसलो तेव्हा कुठल्या पानावर लिहायचं हा प्रश्न पडला. शेवटी 'जनावरं' हेच पान काढलं. त्या पानावर बैल विकल्याची ओळ शेवटची होती, तिच्याखाली लिहिलं. एक्सल सेट ६०, छर्रे २०, तारा ६०, ग्रीस ३०.

नागपंचमीला बहीण आली. आता साठीकडं झुकलीय, पाय कडेवर पडतो तो पडतोच. मी अंगणात कोळपं उलटं ठेवून कोनाचा नट आवळत होतो. फार आवळला तर चाक जाम होतं, सैल ठेवला तर डुलतं, त्यातला मधला ताल हाताला लागावा लागतो. ती येऊन दगडावर बसली. चाकाला हातानं गती दिली. चाक फिरत राहिलं. ते थांबेपर्यंत ती बघत होती. मग म्हणाली, "दादा, ह्याला जाळी न्हाय लावली?"

मी वर बघितलं. ती हसत होती. म्हणाली, "अण्णांनी मला लग्नाच्या वक्ताला सांगितलंतं. म्हनले, त्येला इचारू नको."

मग तिनं पाना मागून घेतला आणि दुसऱ्या बाजूचा नट धरला. दोन्ही बाजूंनी धरल्याशिवाय तो एकट्याला आवळत नाही.